एकाच यंत्रातील तीन सेतू

कोसाडहून सुरतेकडे निघालेली आगगाडी उतराण मागे टाकून तापीच्या पुलावर येते, तेव्हा रुळांचा नाद पालटतो, आणि नित्याचे प्रवासीसुद्धा क्षणभर खिडकीबाहेर पाहतात. उतराण ते अंकलेश्वर हा लोहमार्ग १८६० साली सुरू झाला. सुरतेचा होप पूल १८७७ सालचा. त्यानंतर तापीवर एकामागून एक पूल होत गेले, आणि आज अमरोलीच्या पुलावरून कतारगामास कामावर जाणाऱ्या माणसाला आपण नदी ओलांडली याची जाणीवही होत नाही. या सर्व पुलांची एक गोष्ट विद्यार्थिमित्रांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावी. पूल दोन काठ जोडतो. परंतु कोणाला कोणत्या काठावर जाऊ द्यावे, हे पूल ठरवीत नाही. ते काम नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचे. प्रस्तुत लेखात ज्या सेतूंचा विचार करावयाचा आहे ते संगणकाच्या पोटातले आहेत. पण हा नियम त्यांनाही तंतोतंत लागू पडतो, आणि तो विसरला गेल्यामुळेच पुष्कळ घोटाळे होतात.

आमच्या मायबोलीत, म्हणजे कोकणीत, वहाळावरच्या लहानशा पुलाला सांकव म्हणतात. माडाची दोन खोडे आडवी टाकली की सांकव तयार. संगणकातला सेतू हा या सांकवाच्याच जातीचा आहे. तो बांधावयास लोखंड लागत नाही, सिमेंट लागत नाही. एका ओळीची आज्ञा पुरते. इतक्या सहज होणारी वस्तू माणूस फारसा विचार न करता दोन-चार ठिकाणी उभारून मोकळा होतो, आणि कोणता सेतू कोठून कोठे जातो याचा हिशेब मागाहून लागत नाही. म्हणून आधी मुळापासून समजून घेऊ.

एका खऱ्या संगणकाच्या आत अनेक काल्पनिक संगणक चालविता येतात. त्यांना आभासी यंत्रे म्हणतात. ज्याच्या आत ती राहतात ते यजमान यंत्र आणि आत राहणारी ती पाहुणी यंत्रे. प्रत्येक पाहुण्यास वाटते की आपणास स्वतंत्र स्मृती आहे, स्वतंत्र तबकडी आहे, स्वतंत्र नेटवर्क कार्ड आहे. वस्तुतः ते सारे यजमानाने वाटून दिलेले असते. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रांवर १९६० नंतरच्या दशकातच हा प्रयोग केला होता, आणि १९७२ साली ती सोय गिऱ्हाइकांना दिली. लिनक्स या प्रणालीत ही शक्ती केव्हीएम या नावाने आली. क्युम्रानेट या कंपनीतील अवी किविटी यांनी ती रचली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये निघालेल्या २.६.२० या आवृत्तीत तिचा समावेश झाला. तेव्हापासून साधारण प्रतीच्या यंत्रावरही, त्याच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एएमडी-व्ही हे साहाय्य असले म्हणजे, चार-पाच पाहुणी यंत्रे सुखाने नांदू शकतात.

शाळेने लिनक्स का वापरावे, असा प्रश्न पालक मंडळी करितात. केवळ ते फुकट मिळते म्हणून, हे उत्तर आम्हास अपुरे वाटते. त्याचे अंतरंग उघडे असते, आणि शिकणाऱ्याला आतली कळ स्वतः फिरवून पाहता येते, हे खरे कारण. केरळातील सरकारी शाळांनी आयटी ॲट स्कूल या योजनेखाली ही प्रणाली स्वीकारली. गोव्यातही या शतकाच्या आरंभी, परदेशांतून आलेले वापरलेले संगणक लिनक्सवर चालवून शाळांना देण्याचा उपक्रम झाला. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांनी ते अवश्य ऐकावेत.

आता सेतूकडे वळू. पाहुण्या यंत्राचे कार्ड काल्पनिक. त्याला भिंतीतल्या खोबणीत खोचावयास खरी तार कोठून असणार? यास्तव यजमान यंत्रात एक काल्पनिक जोडफळा तयार करितात, त्यास ब्रिज म्हणजे सेतू म्हणतात. त्याच्या एका खोबणीत यजमानाचे खरे कार्ड बसते आणि दुसऱ्या खोबण्यांत पाहुण्यांची काल्पनिक कार्डे बसतात. खोलीतला स्विच जे काम करतो, तेच काम हा करतो. शाळेतील जुन्या शिपायाची उपमा येथे चांगली लागू पडते. नवा शिपाई प्रथम प्रत्येक वर्गात जाऊन अमुक विद्यार्थी येथे आहे काय म्हणून विचारतो. हळूहळू कोण कोणत्या वर्गात बसतो हे त्याच्या लक्षात राहते, आणि मग चिठ्ठी घेऊन तो सरळ त्याच वर्गाकडे जातो. सेतूही तसाच. आलेल्या प्रत्येक संदेशावर पाठविणाऱ्याचा मॅक पत्ता असतो; तो कोणत्या खोबणीतून आला हे सेतू टिपून ठेवतो. ज्याचा ठिकाणा ठाऊक नाही त्याच्या नावाचा संदेश सर्व खोबण्यांत टाकतो. ही टिपणेही कायमची नसतात. पाच मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद, एखाद्याची हालचाल दिसली नाही तर त्याचे नाव पुसले जाते.

या वर्णनात सेतूने कोणाला अडविल्याचा उल्लेख कोठेही आला नाही. तो अडवीत नाहीच.

मग एकाऐवजी अनेक सेतू कशासाठी? यासाठी कोसाडसारख्या ठिकाणच्या मराठी माध्यमाच्या एका शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणू. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून मागाच्या आणि इतर कामासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे सुरतेच्या आसपास राहतात, आणि त्यांतली काही वर्षाच्या मध्येच गावी परततात. मुलाच्या हाती तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला जनरल रजिस्टरातील नोंदीवरून तयार होतो: नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाचा दिनांक. यांतील एक अक्षर चुकले किंवा कोणी बदलले, तर त्या मुलाला पुढच्या गावी प्रवेशासाठी आणि पुढे शिष्यवृत्तीसाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्या घरांनी अनुभवले त्यांना सांगावयास नको. हे रजिस्टर, गुणपत्रके आणि आधारचे क्रमांक आता संगणकात जाऊ लागले आहेत. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो, आणि माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणाची वाजवी तजवीज ठेवावी, असे कायदा सांगतो.

दुसऱ्या बाजूला आपली वरच्या वर्गांतली मुले. त्यांना नुसते टंकलेखन आणि चित्रे रंगविणे पुरत नाही. त्यांना स्वतःचा सर्व्हर उभारून पाहावयाचा असतो, मोडून पाहावयाचा असतो. मोडल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु एखाद्या मुलाने हौसेने पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर प्रयोगशाळेच्या तारेवर सुरू केला, तर तो शेजारच्या सर्व यंत्रांना आपलेच खोटे पत्ते वाटू लागतो आणि घटकाभरात वर्ग बंद पडतो. दोष मुलाचा नव्हे. मोकळे अंगण न देता त्याला खेळावयास सांगणाऱ्याचा.

शाळेजवळ चांगले यंत्र मात्र एकच असते. तेव्हा एकाच यंत्रात तीन सेतू बांधावे हे उचित. पहिल्यास बीआर०, दुसऱ्यास बीआर१ आणि तिसऱ्यास बीआर२ म्हणू. ‘कार्यालय’ यासारखी अर्थपूर्ण नावे दिली तर अधिक चांगले. मात्र लिनक्समध्ये अशा नावाची लांबी १५ रोमन अक्षरांहून जास्त चालत नाही. बीआर० मध्ये यंत्राचे पहिले खरे कार्ड बसवावे. त्याची तार कार्यालयाच्या स्विचला आणि तेथून इंटरनेटच्या राउटरला जाते. रजिस्टर सांभाळणारे पाहुणे यंत्र या सेतूवर राहील. बीआर१ मध्ये दुसरे खरे कार्ड. त्याची तार प्रयोगशाळेच्या स्विचला. मुलांनी नित्य वापरावयाचे पाहुणे यंत्र येथे. बीआर२ मध्ये खरे कार्ड कोणतेच नाही. तो ओढ्यावर न टाकता अंगणातच ठेवलेला सांकव आहे. त्यावरची यंत्रे फक्त एकमेकांशी बोलतात, आणि डीएचसीपीचा तो खेळ येथे खुशाल करावा. कार्यालयाला १९२.१६८.१०.० ही पत्त्यांची वस्ती द्यावी आणि प्रयोगशाळेला १९२.१६८.२०.० ही. दोन्हीकडे एकच वस्ती कधीही ठेवू नये. तसे केले तर यजमानाला उत्तर कोणत्या बाजूने पाठवावे हे कळत नाही आणि संदेश भलत्याच दाराने जातात.

बांधणीच्या आज्ञा येथे नागरी लिपीत देत आहोत; यंत्रापुढे त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात. ‘आयपी लिंक ॲड बीआर० टाइप ब्रिज’ असे म्हटले की सेतू जन्मास येतो. ‘आयपी लिंक सेट इएनपी१एस० मास्टर बीआर०’ असे म्हटले की त्या नावाचे खरे कार्ड सेतूच्या खोबणीत बसते. पहिल्या कार्डाचे नाव प्रत्येक यंत्रात वेगळे असू शकते. ‘आयपी लिंक’ एवढेच विचारले असता यंत्र स्वतः ते सांगते. अशा रीतीने बांधलेले सेतू यंत्र बंद होताच नाहीसे होतात. सरावाला ते उत्तम. कायमच्या बांधणीसाठी, उबुंटू प्रणालीत, नेटप्लॅनच्या फाइलमध्ये ‘ब्रिजेस’ या शीर्षकाखाली तिन्ही नावे लिहावीत आणि प्रत्येकाखाली ‘इंटरफेसेस’ म्हणून त्याचे कार्ड लिहावे. या फाइलमध्ये ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, आणि ती जागा टॅबने नव्हे तर स्पेसने सोडावी लागते. आम्ही कलाशाखेचे, वृत्तात यती चुकला की ओळ पडते हे आम्हास ठाऊक होते, पण कोऱ्या जागेवरून अन्वय लावणारी भाषा प्रथमच पाहिली. बीआर१ आणि बीआर२ यांच्यापुढे ‘ऑप्शनल’ असेही लिहून ठेवावे. नाहीतर जिच्यावर पत्ता नाही अशा सेतूची वाट पाहत यंत्र सुरू होताना दोन मिनिटांपर्यंत खोळंबण्याचा संभव असतो.

आता सर्वांत नाजूक पायरी. सेतू बांधण्यापूर्वी यजमानाचा आयपी पत्ता खऱ्या कार्डावर असतो. कार्ड खोबणीत बसले की ते केवळ तारेचे टोक उरते. पत्ता सेतूवर न्यावा लागतो. म्हणजे १९२.१६८.१०.२ हा पत्ता, राउटरकडे जाणारी मुख्य वाट आणि नावे शोधणाऱ्या सर्व्हरचा उल्लेख, हे सारे कार्डाखालून काढून बीआर० खाली लिहावयाचे. जो मनुष्य दुसऱ्या खोलीतून त्याच तारेवरून हे काम करीत असेल, तो बसलेली फांदी तोडीत असतो. ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा यासाठीच आहे. नवी रचना ती १२० सेकंद लागू करते आणि आपण तेवढ्या वेळात होकार दिला नाही तर जुनी रचना परत आणते. मात्र सेतूचे काही विशेष गुणधर्म फाइलमध्ये लिहिले असतील, तर ते मागे फिरविता येत नाहीत असे सांगून ही आज्ञा काम नाकारते. म्हणून पहिल्या दिवशी यंत्राजवळच पडदा आणि कळफलक ठेवून बसावे, यासारखी दुसरी खबरदारी नाही.

पाहुण्यांना सेतूवर बसविणे सोपे आहे. ‘व्हर्श एडिट’ या आज्ञेने त्या यंत्राचे वर्णनपत्र उघडते. त्यात नेटवर्क कार्डाचा प्रकार ‘ब्रिज’ आणि उगम ‘बीआर१’ असे लिहिले की झाले. या कार्डांचे मॅक पत्ते बहुधा ५२:५४:०० या अंकांनी आरंभ होतात. सेतूच्या बाजूचे त्यांचे टोक मात्र लिब्व्हर्ट ही व्यवस्था मुद्दाम एफई या अक्षरांनी सुरू करते, आणि यामागचे कारण मोठे मार्मिक आहे. सेतूला स्वतःचा मॅक पत्ता नेमून दिला नसेल तर तो आपल्या खोबण्यांतील सर्वांत लहान पत्ता स्वतःचा म्हणून धारण करतो. पाहुणा लहान पत्ता घेऊन आला असता तर सेतूची ओळखच बदलली असती आणि यजमानाशी चाललेले सर्वांचे बोलणे मध्येच तुटले असते. एफई ही संख्या इतकी मोठी की तसे होतच नाही.

येथवर तीन सेतू उभे राहिले, आणि पुष्कळ जण येथेच थांबतात. कार्यालय वेगळ्या सेतूवर, मुले वेगळ्या सेतूवर. म्हणजे रजिस्टर सुरक्षित झाले, अशी समजूत होते. लेखाच्या आरंभी जो नियम सांगितला तो आता आठवावा. पूल वेगळे असले म्हणजे वाटा वेगळ्या असतात असे नव्हे; त्या वाटा पुढे कोठे मिळतात हे पाहावे लागते. दोन सेतूंच्या मध्ये यजमान उभा आहे, आणि तो दोघांचाही शेजारी आहे.

समजा यजमानाला बीआर० वर एक पत्ता दिला आणि सोयीसाठी बीआर१ वरही १९२.१६८.२०.२ हा पत्ता दिला. आता लिनक्समध्ये ‘आयपी फॉरवर्ड’ नावाची एक कळ आहे. ती बंद असेल तर यजमान इकडचा संदेश तिकडे नेत नाही. चालू असेल तर नेतो. आम्ही ती चालू केलीच नाही, असे पुष्कळांना वाटत असते. पण लिब्व्हर्टबरोबर ‘डिफॉल्ट’ या नावाचे एक आयते जाळे येते, १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे पत्ते त्याचेच. ते जाळे सुरू झाले की पाहुण्यांना बाहेर पोचविण्यासाठी ही कळ आपोआप चालू केली जाते. मग प्रयोगशाळेतील एखाद्या चलाख मुलाने आपल्या यंत्राला एवढेच सांगितले की कार्यालयाच्या वस्तीकडे जाणारी वाट १९२.१६८.२०.२ मधून जाते, तर त्याचे संदेश रजिस्टराच्या दाराशी जाऊन पोचतात. उत्तराची वाट त्याला कदाचित मिळणार नाही. पण दार ठोठावता आले, हेच व्हावयास नको होते. कोणताही सेतू मोडला नाही, कोणतीही चोरवाट खणली नाही. नाक्यावर माणूस नव्हता इतकेच.

म्हणून बीआर१ आणि बीआर२ वर यजमानाला पत्ता मुळीच देऊ नये. सेतूला काम करण्यासाठी पत्ता लागत नाही, ही गोष्ट नवशिक्यांना खरी वाटत नाही. पण शिपायाला चिठ्ठ्या पोचविण्यासाठी वर्गात स्वतःचे बाक लागते काय? आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक सेतू न सांगता स्वतःला एक स्थानिक पत्ता घेतो, तोही थांबवावा. नेटप्लॅनमध्ये ‘लिंक-लोकल’ या शब्दापुढे रिकामा चौकोनी कंस लिहिला म्हणजे तो घेतला जात नाही. एवढे केल्यावरही एक फट उरते. लिनक्सच्या दृष्टीने पत्ता हा दाराचा नसून सर्व घराचा असतो. त्यामुळे कार्यालयाच्या बाजूचा १९२.१६८.१०.२ हा पत्ता पुकारीत कोणी प्रयोगशाळेच्या दाराशी आले, तर यंत्र तेथूनही ओ देण्याचा संभव आहे. यावर उपाय म्हणजे एनएफटेबल्समध्ये दोन नियम लिहावेत: बीआर१ मधून खुद्द यजमानासाठी आलेले काहीही स्वीकारू नये, आणि बीआर१ मधून आत येऊन बीआर० मधून बाहेर जाऊ पाहणारे काहीही पुढे पाठवू नये. बीआर२ साठीही तसेच दोन. सेतूवरील पाहुण्यांच्या आपसांतील बोलण्याला यांचा अडथळा होत नाही.

मग प्रयोगशाळेला इंटरनेट कसे मिळावे? त्यासाठी एक छोटे पाहुणे यंत्र द्वारपाल म्हणून नेमावे. त्याचे एक कार्ड बीआर० वर आणि दुसरे बीआर१ वर. मुलांच्या यंत्रांनी बाहेर जाण्याची वाट म्हणून त्याचाच पत्ता घ्यावा. मुलांचे संदेश तो स्वतःच्या नावाने बाहेर पाठवील, ज्यांच्यावर १९२.१६८.१० ने सुरू होणारा पत्ता असेल ते मात्र परत फिरवील. दोन काठांमधली ही एकच वाट आणि तिच्यावर एकच नाकेदार. पुढे कधी शंका आली, तर कोणाचे वर्तन तपासावे हे ठाऊक असते. या द्वारपालाचा परवलीचा शब्द मुलांच्या हाती जाऊ नये हे सांगणे न लगे.

अशा दोन पायांच्या यंत्रामुळे दुसरा एक धोका संभवतो, त्याचाही विचार करू. द्वारपालाने संदेश निवडून पुढे पाठविण्याऐवजी आपल्या आत चौथा सेतू बांधला आणि दोन्ही कार्डे त्यात बसविली, आणि त्यातच कोणी कार्यालयाचा स्विच व प्रयोगशाळेचा स्विच एका तारेने जोडून ठेवले, तर एक वर्तुळ पुरे होते. सर्वांसाठी पाठविलेला एक संदेश या वर्तुळात शिरला की तो फिरतच राहतो, कारण इथरनेटच्या संदेशावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते. प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि काही क्षणांत सर्व शाळेचे जाळे गुदमरते. हा रोग जुना आहे, आणि त्यावरचे औषध राडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना शोधले. त्यास स्पॅनिंग ट्री म्हणतात. सर्व सेतू आपसांत बोलून एकास मूळ मानतात, आणि त्या मुळापर्यंत जाण्यास ज्या जोडण्या अनावश्यक आहेत त्या स्वतःहून मिटवून घेतात. उरते ते झाड, आणि झाडाच्या फांद्या फिरून एकमेकींना मिळत नाहीत. १९९० साली ही पद्धत ८०२.१डी या मानकात आली. नेटप्लॅनने बांधलेल्या सेतूत ती मुळातच चालू असते, ‘आयपी लिंक’ने बांधलेल्या सेतूत बंद असते. चालू असताना नव्या खोबणीतून संदेश जाऊ लागण्यास १५ अधिक १५, असे ३० सेकंद लागतात. पाहुणे यंत्र नुकतेच उठले आणि त्याला पत्ता मिळाला नाही, तर घाबरून आज्ञांचा मारा करण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून पाहावे. बीआर२ ला बाहेरची तार नाही. तेथे ही पद्धत बंद ठेवली तरी चालते. बीआर० आणि बीआर१ वर ती चालूच असू द्यावी.

काही शाळांत यंत्राला दोन कार्डे नसतात. दुसरे कार्ड विकत घेणे हा सर्वांत सोपा मार्ग. त्याची किंमत फार नसते. ते शक्य नसेल तर एकाच तारेतून क्रमांक लावलेली अनेक काल्पनिक जाळी नेता येतात, त्यांस व्हीलॅन म्हणतात. पण त्यासाठी स्विचही ते क्रमांक वाचणारा हवा. वायफायचे कार्ड सेतूत बसवून काम भागेल काय, असे मुले हमखास विचारतात. सामान्यतः नाही. वायफायचा मुख्य खांब त्याच्याकडे रीतसर नोंद केलेल्या कार्डाच्याच मॅक पत्त्याचे संदेश स्वीकारतो. त्याच्या पाठीमागे लपलेल्या पाहुण्यांचे तो ऐकून घेत नाही.

आणखी एक सूचना. त्याच यजमान यंत्रावर हौसेने डॉकर बसवू नये. डॉकर आला की पुढे जाणारे संदेश साधारणतः अडवावेत असा दंडक तो घालतो, आणि सेतूवरून जाणारे संदेशही त्या दंडकाखाली आणणारा ‘बीआर नेटफिल्टर’ हा भाग त्या वेळी चालू असला, तर काल चालणारी पाहुणी यंत्रे आज मुकी होतात. सेतू जागेवर, तार जागेवर, दिवे लुकलुकत आहेत, पण संदेश पोचत नाही. अशा वेळी दोष कोठे शोधावा हे सुचत नाही. मुलांना डॉकर शिकावयाचाच असेल तर तो बीआर१ वरच्या पाहुण्या यंत्राच्या आत शिकावा.

सर्व बांधून झाल्यावर परीक्षा घ्यावी, आणि ती यजमानापुढे बसून नव्हे, तर प्रयोगशाळेतील शेवटच्या बाकावरच्या यंत्रावरून. तेथून १९२.१६८.१०.२ ला पिंग करावे. उत्तर येता कामा नये. आपल्या यंत्रास हाताने १९२.१६८.१०.५० असा कार्यालयाचा पत्ता देऊन पुन्हा करावे. तरीही येता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्याने यजमानावर टीसीपीडंप चालवून बीआर० कडे लक्ष ठेवावे. प्रयोगशाळेच्या वस्तीतला, म्हणजे १९२.१६८.२० ने सुरू होणारा, एकही पत्ता तेथे दिसू नये. मुले बाहेर जातात ती द्वारपालाच्याच नावाने. ‘ब्रिज लिंक’ या आज्ञेने कोणते कार्ड कोणत्या सेतूत आहे ते वाचावे, आणि ‘ब्रिज एफडीबी शो’ या आज्ञेने शिपायाची टिपणे पाहावीत. रजिस्टर सांभाळणाऱ्या यंत्राचा मॅक पत्ता बीआर१ च्या टिपणांत दिसला, तर कोठेतरी दोन काठ मिळाले आहेत असे निश्चित समजावे. मग यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि हीच परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी, कारण हाताने दिलेल्या आज्ञा वीज गेल्याबरोबर जातात आणि फाइलमधली चूक तेव्हाच उघडी पडते.

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले होते, हे ध्यानात ठेवून असे यंत्र तळमजल्यावर ठेवू नये. दोन्ही तारांना दोन्ही टोकांशी कापडी चिठ्ठ्या बांधाव्यात, एकीवर ‘कार्यालय’ आणि दुसरीवर ‘प्रयोगशाळा’. तीन सेतूंची नावे, त्यांतील कार्डे, त्यांच्या वस्त्या आणि द्वारपालाचे नियम हे एका कागदावर हाताने लिहून आवक-जावक बारनिशीच्या मागील पानास चिकटवावे, म्हणजे पुढे येणाऱ्या शिक्षकास ते यंत्र न उघडता वाचता येतील.